जुन्या वॅटचे मोल

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु ते उच्चारताच टॅक्सीवालाही क्षणभर विचारात पडतो) किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातील तपकीर गल्लीत एक विशिष्ट प्रकारचा गिऱ्हाईक हमखास दृष्टीस पडतो. त्याच्या हातात बहुधा मल्टिमीटर असतो, खिशात स्क्रू-ड्रायव्हर असतो आणि घरी सुताराकडून किंवा स्वतःच्या हाताने करून घेतलेला प्लायवूडचा एक जडशीळ खोका तयार असतो. त्या खोक्यात दहा वा बारा इंची स्पीकर बसविलेला असतो. राहिलेली असते ती त्याला चालविणारी शक्ती. ती नवी विकत घ्यावयाची तर स्पीकर आणि खोका मिळून झालेल्या खर्चाच्या दुप्पट पैसे मोजावे लागतील, हे त्याने ताडलेले असते. म्हणून तो जुना ॲम्प्लिफायर शोधीत असतो.

घरगुती सबवूफर हा हौसेचा विषय आहे आणि हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु या हौशी माणसाइतका मोलाचा काटेकोर विचार करणारा ग्राहक आजच्या बाजारात क्वचितच आढळेल. नव्या वस्तूची किंमत कारखानदार ठरवितो आणि ग्राहक ती देतो किंवा देत नाही. जुन्या वस्तूची किंमत मात्र प्रत्येक वेळी नव्याने शोधून काढावी लागते. या शोधात वस्तू मृत केव्हा समजावी, तिच्यातील कोणता भाग अद्याप जिवंत आहे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असे प्रश्न अपरिहार्यपणे येतात. ते केवळ हौसेचे प्रश्न नव्हेत.

प्रथम या यंत्राचे स्वरूप ध्यानी घ्यावयास हवे. माणसाच्या कानाला साधारणतः २० कंपनांपासून आवाज ऐकू येतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ कंपने करते, पियानोची शेवटची पट्टी २७.५ कंपनांची असते आणि चित्रपटातील स्फोट वा मेघगर्जना याहूनही खाली उतरतात. चार-पाच इंची स्पीकरला एवढी हवा हलविणे झेपत नाही. आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यावयाचा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. हा निसर्गनियम आहे आणि कोणत्याही जाहिरातीने तो बदललेला नाही. म्हणून खालच्या स्वरांसाठी मोठा पडदा व मोठा खोका लागतो. तो चालविण्यासाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर का, याचे उत्तरही निव्वळ आर्थिक आहे. एकाच ॲम्प्लिफायरची शक्ती स्पीकरपाशी विभागावयाची तर एवढ्या खालच्या कंप्रतेसाठी तांब्याच्या तारेची भलीमोठी वेटोळी आणि मोठे कपॅसिटर लागतात. त्यांना पैसे फार पडतात आणि शक्तीचा काही भाग त्यांच्यातच जिरतो. उलट ॲम्प्लिफायरमध्ये शिरण्यापूर्वीच क्षीण संकेताची विभागणी केली तर ४५५८ सारखी एखादी क्षुल्लक किमतीची आयसी, थोडे रोध आणि थोडे कपॅसिटर एवढ्यात काम भागते. तेव्हा स्वतंत्र ॲम्प्लिफायर ही चैन नसून काटकसर आहे. मात्र तो ॲम्प्लिफायर स्वस्त मिळावयास हवा.

खोक्याचे गणितही आता कोणाची मक्तेदारी राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थिल यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत स्पीकर व खोका यांच्यातील नाते मोजक्या आकड्यांत बांधून दिले. त्यापूर्वी ज्या गोष्टी कारखान्यातील कारागिरांच्या अंदाजावर चालत, त्या आज कोणताही विद्यार्थी कागदावर सोडवू शकतो. शक्तीच्या बाबतीत मात्र असे लोकशाहीकरण बराच काळ झाले नव्हते. वॅट हे नेहमीच महाग राहिले.

वॅटची महागाई कितपत खरी आहे, हा यापुढचा प्रश्न होय. एका वॅटला एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देणारा स्पीकर घेतला, तर १० वॅटला तो ९७ डेसिबल देतो आणि १०० वॅटला १०७. म्हणजे दर दहा डेसिबलला शक्ती दहापट लागते. शक्ती दुप्पट केल्यास पदरात पडतात केवळ तीन डेसिबल, आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. अगदी खालच्या स्वरांत कान थोडे अधिक उदार होतात आणि थोड्या डेसिबलांचाही फरक त्यांना मोठा भासतो, हे फ्लेचर व मन्सन यांच्या १९३३ च्या प्रयोगांपासून माहीत आहे. परंतु त्यामुळे मूळ गणित पालटत नाही. सीमांत उपयोगिता घटत जाते हा सिद्धान्त वर्गात शिकविताना पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आंब्याचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. वॅटचे उदाहरण त्याहून चोख आहे, कारण येथे तृप्ती मापकावर मोजता येते. पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर असलेल्याने शंभर वॅटचा घेण्यासाठी दुप्पट पैसे मोजणे म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या फरकासाठी पदरमोड करणे होय. शिवाय असा स्पीकर विजेच्या शक्तीपैकी अर्धा टक्काही ध्वनीत रूपांतरित करीत नाही. बाकीची शक्ती त्याच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. पडद्याच्या हालचालीची सीमा गाठली की त्यापुढचा प्रत्येक वॅट केवळ कॉइल भाजण्याच्या कामी येतो.

विक्रेत्यांना हे ठाऊक नसते असे नव्हे. किंबहुना ग्राहकाला ते ठाऊक नसावे यावरच या व्यापाराचा एक मोठा भाग उभा राहिला. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली 'एक्स-१०' नावाचा, घरी जोडावयाचा ॲम्प्लिफायर टपालाने विकला. जाहिरातीत त्याची शक्ती दहा वॅट होती. प्रत्यक्षात त्याच्या एक चतुर्थांशाच्या आसपास भरे. अमेरिकेत हा प्रकार इतका बोकाळला की १९७४ साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनला ॲम्प्लिफायरची शक्ती कशी मोजावी व कशी जाहीर करावी याचा खास नियम करावा लागला. २०२४ साली त्यात सुधारणा करून तो अधिक कडक करण्यात आला. आपल्याकडे १९९० च्या दशकात 'पीएमपीओ' या चार अक्षरांनी घराघरांत प्रवेश केला आणि हाताच्या पंज्याएवढ्या स्पीकरवर हजार वॅटची चिकटपट्टी झळकू लागली. या आकड्याला कोणतीही प्रमाणित व्याख्या नव्हती. जुन्या बाजारातील जाणता गिऱ्हाईक म्हणून पुढची चिकटपट्टी वाचतच नाही. तो यंत्र उलटे करतो आणि मागील पट्टीवर वीजभक्षणाचा आकडा काय आहे ते पाहतो. भिंतीतून ६० वॅट घेणारे यंत्र सातत्याने हजार वॅट देऊ शकत नाही, ही कसोटी ढोबळ असली तरी ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमावर आधारलेली आहे आणि तिला कोणताही विक्रेता हरकत घेऊ शकत नाही.

वस्तू टाकली का गेली?

जुन्या वस्तूंच्या बाजारावरील अर्थशास्त्रीय विवेचनाचा आरंभ जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० सालच्या निबंधापासून करण्याची रीत पडली आहे. जुन्या मोटारीतील दोष विक्रेत्याला माहीत असतात, ग्राहकाला नसतात; म्हणून ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो; त्या किमतीला चांगल्या मोटारीचा मालक ती विकावयास काढीत नाही; परिणामी बाजारात सडका माल तेवढा उरतो, असा त्यांचा युक्तिवाद. तीन नियतकालिकांनी साभार परत केलेल्या या निबंधाच्या लेखकाला पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. निबंधात हिंदुस्थानचाही उल्लेख आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बाजारच्या तांदळात मुद्दाम त्याच रंगाचे खडे मिसळलेले असल्याने भारतीय गृहिणीला तांदूळ निवडावा लागतो, हे ॲकरलॉफ यांनी दिलेले उदाहरण आहे. माहितीच्या विषमतेची किंमत ही अशी श्रमांच्या रूपाने ग्राहकच मोजीत असतो.

जुन्या ॲम्प्लिफायरच्या बाजाराला हा सिद्धान्त लागू पडतो, परंतु सरसकट नव्हे. आणि जेथे तो लागू पडत नाही तेथेच खरी स्वस्ताई सापडते. ॲकरलॉफ यांचा मोटारमालक गाडी विकतो ती तिच्यात दोष आहे म्हणून. ॲम्प्लिफायर मात्र पुष्कळदा अशा कारणासाठी विकला जातो, ज्याचा त्याच्या शक्तीशी काडीचाही संबंध नसतो.

घरगुती चित्रपटगृहासाठी वापरले जाणारे जुने रिसीव्हर हे याचे सर्वोत्तम उदाहरण. चित्र आणि ध्वनी एकाच तारेतून नेणारी एचडीएमआय पद्धती २००२ च्या अखेरीस जाहीर झाली आणि पुढील काही वर्षांत दूरचित्रवाणी संचांनी ती सार्वत्रिक केली. त्यापूर्वीचे पाच-पाच ध्वनिमार्ग असलेले, जड ट्रान्सफॉर्मरचे, उत्तम बांधणीचे रिसीव्हर एका रात्रीत कालबाह्य ठरले. त्यांच्यात बिघाड नव्हता. त्यांच्या पाठीवर एक भोक कमी होते. नव्या मालकाला चित्र हवे असते, म्हणून त्याच्या लेखी ते यंत्र शून्य किमतीचे. सबवूफर करणाऱ्याला चित्राशी कर्तव्यच नाही. त्याला हवा असतो ट्रान्सफॉर्मर, उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यावरचे ट्रान्झिस्टर. पाच मार्गांसाठी घातलेला ट्रान्सफॉर्मर एकाच मार्गासाठी वापरला तर त्या मार्गाला मूळ योजनेपेक्षाही मोकळेपणाने शक्ती मिळते, हा वरकड लाभ. कंपनीने बसविलेला संरक्षक रिलेही आयताच मिळतो, आणि त्याचे महत्त्व पुढे येईलच.

दुसरा पुरवठा मंडप-डेकोरेटर व ध्वनिव्यावसायिकांकडून येतो. लग्नसमारंभात आणि उत्सवात वापरले जाणारे जुन्या पद्धतीचे पॉवर ॲम्प्लिफायर दोघांनी उचलावे लागण्याइतके वजनदार असत. 'क्लास डी' पद्धतीच्या यंत्रांत ट्रान्झिस्टर क्षणाक्षणाला पूर्ण चालू वा पूर्ण बंद होतात. त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता साधते आणि अवजड ट्रान्सफॉर्मरचीही गरज उरत नाही. जुन्या 'क्लास बी' पद्धतीची सैद्धान्तिक कमाल मर्यादाच ७८.५ टक्के असून व्यवहारातील आकडा त्याहून बराच खाली असतो. ध्वनिव्यावसायिकाने जुनी यंत्रे काढून नवी घेतली ती आवाजासाठी नव्हे, तर टेम्पोचे भाडे, हमालांची मजुरी आणि जनरेटरचे डिझेल वाचविण्यासाठी. घरात एकाच जागी ठेवावयाच्या यंत्राला वजनाचा काय अडथळा? याही ठिकाणी टाकणाऱ्याचे कारण आणि घेणाऱ्याची गरज एकमेकांना छेद देत नाहीत.

तिसरे उदाहरण अगदीच किरकोळ वाटेल, पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तेच सर्वांत उपयुक्त आहे. लॅपटॉप निकामी झाला की त्याचा अडॅप्टर अनाथ होतो. तो १९ व्होल्टचा आणि बहुधा ६५ किंवा ९० वॅटचा असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ वा ३११८ जातीच्या आयसीवर बांधलेल्या छोट्या चिनी पट्ट्या याच व्होल्टवर चालतात. १९ व्होल्टमधून ४ ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त सुमारे ४५ वॅट निघू शकतात आणि ८ ओहमच्या स्पीकरला त्याच्या निम्मे. पट्टीवर शंभर लिहिलेले असो वा दोनशे. पण वर पाहिल्याप्रमाणे लहान खोलीला ४५ वॅट ही काही उणी शक्ती नव्हे. ती देणाऱ्या यंत्राची निम्मी किंमत कोणीतरी दुसऱ्याच वस्तूच्या निमित्ताने आधीच चुकती केलेली असते.

याउलट जो ॲम्प्लिफायर 'थोडासा आवाज फाटतो, बाकी ओके' या शिफारशीसह विकला जातो, तेथे ॲकरलॉफ अक्षरशः खरे ठरतात. सान्योच्या एसटीके मालिकेतील जुन्या जाड आयसी आणि नावाजलेले पॉवर ट्रान्झिस्टर यांच्या हुबेहूब नकला बाजारात मुबलक आहेत. वरची छपाई तीच, आतील सिलिकॉनचा तुकडा मात्र लहान. असा भाग घातलेले यंत्र दुकानाच्या फळीवर उत्तम गाते आणि घरी आठवड्याभरात मौन पाळते. तांदूळ निवडण्याचे या क्षेत्रातील साधन म्हणजे सिरीज बल्ब. ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात साध्या तारेचा ६० किंवा १०० वॅटचा दिवा एकसरीत जोडला, की निकोप यंत्र असल्यास दिवा क्षणभर उजळून मंदावतो. आतील ट्रान्झिस्टर उडालेले असल्यास तो तसाच भगभगत राहतो. त्यानंतर स्पीकर न जोडता बाहेरच्या टोकांवर एकदिश दाब मोजावयाचा. तो काही मिलिव्होल्ट असला तर उत्तम, काही व्होल्ट असला तर यंत्र परत करावे. कारण निकामी ट्रान्झिस्टरमधून पूर्ण एकदिश दाब स्पीकरवर आला आणि संरक्षक रिले नसला, तर कॉइल काही क्षणांत जळते. पाचशे रुपये वाचविण्याच्या नादात काही हजारांचा स्पीकर गमावणारे हौशी कमी नाहीत. जो दुकानदार सिरीज बल्ब लावून देण्यास आढेवेढे घेतो, त्याने आपल्या मालाविषयीची माहिती फुकटच सांगितली असे समजावे.

तळ आणि छत

जुन्या ॲम्प्लिफायरची किंमत दोन मर्यादांमध्ये हेलकावे खाते. तिचा तळ ठरवितो भंगारवाला. ट्रान्सफॉर्मरमधील तांबे आणि ठोकळ्यातील ॲल्युमिनियम यांचे वजन करून जी रक्कम येते, तिच्याखाली कोणताही विक्रेता जाणार नाही. छत ठरविते नवी 'क्लास डी' यंत्रे. तेवढीच शक्ती नवी कोरी ज्या भावात मिळते, त्याच्यावर जुन्याला गिऱ्हाईक नाही. गेल्या काही वर्षांत चिनी पट्ट्यांमुळे हे छत सतत खाली येत आहे, तर तांब्याच्या भावामुळे तळ वर सरकत आहे. या दोहोंमधील फट जेथे मिटते, तेथे सुस्थितीतील यंत्रही हातोड्याखाली जाते. अनेक उत्तम ट्रान्सफॉर्मर आज केवळ तांब्यासाठी फोडले जातात, याचे कारण कोणाचा अडाणीपणा नसून हे साधे गणित आहे.

घेणाऱ्याने या फटीत आणखी काही खर्च मोजावयास हवेत, जे किमतीच्या चिठ्ठीवर नसतात. जुने यंत्र काहीही न वाजविता नुसते चालू ठेवले तरी वीज खाते. समजा, ते रिकामेपणी ५० वॅट घेते आणि रोज पाच तास चालू असते. वर्षाला ९१ युनिट झाले. युनिटला आठ रुपये धरले तरी सव्वासातशे रुपये. तीन-चार वर्षांत हा खर्च खरेदीच्या किमतीला गाठू शकतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने व उष्णतेने सुकतात. तपमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. मंडपातून आलेल्या यंत्राचा पंखा विमानासारखा घरघरतो, आणि तो बदलला तर हवा कमी पडून यंत्र तापते. परदेशस्थ नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र फुकट मिळाले तरी त्यासाठी वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि मग फुकटच्या वस्तूचा भाव कळतो. दोन मार्ग जोडून 'ब्रिज' करण्याचा मोहही जपूनच करावा. त्यात व्होल्ट दुप्पट होतात हे खरे, पण प्रत्येक मार्गाला स्पीकरचा निम्माच रोध दिसतो. मोटारीतील सबवूफर बहुधा ४ ओहमचे असतात; ते ब्रिज केलेल्या घरगुती रिसीव्हरला २ ओहमसारखे भासतात आणि तो मान टाकतो. दुहेरी कॉइलचा स्पीकर असल्यास दोन्ही ४ ओहमच्या कॉइल एकसरीत जोडून ८ ओहम करून घेणे आणि एकच मार्ग वापरणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. थोडी शक्ती कमी मिळेल; तीन डेसिबलांचे मोल वर सांगितलेच आहे.

एक गोष्ट मात्र काटकसरीच्या कक्षेबाहेरची आहे. जोडणीतून येणारी गुणगुण बंद करण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची युक्ती सर्रास शिकविली जाते. गुणगुण थांबते हे खरे. पण पुढे आतील तार सुटून पत्र्याला लागली तर त्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे राहतात आणि हात लावणाऱ्याखेरीज त्यांना जमिनीकडे जाण्यास दुसरी वाट उरत नाही. त्याचप्रमाणे यंत्र बंद करून प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ विद्युत्‌भार साठून राहतो. झाकण उघडणाऱ्या नवशिक्याला हे कोणीतरी सांगावयास हवे, आणि नवे यंत्र विकणारी कंपनी ते सांगत नाही, कारण तिच्या मते झाकण उघडावयाचेच नसते.

येथे हा विषय हौसेच्या पलीकडे जातो. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर आपल्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली, आणि १०६ प्रकारच्या वस्तू त्या कक्षेत आणल्या. हेतू स्तुत्य आहे. परंतु या व्यवस्थेचे चलन म्हणजे नोंदणीकृत पुनश्चक्रण कारखान्यांनी दिलेली प्रमाणपत्रे, आणि ती मिळतात वस्तू फोडून धातू वेगळे केल्यावर. दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणल्यास उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, संपत नाही. म्हणजे वजनाने मोजता येणाऱ्या तांब्याला नियमांत निश्चित भाव आहे आणि त्याच तांब्याभोवती अजून शिल्लक असलेल्या वीस वर्षांच्या कामाला अनिश्चित. तपकीर गल्लीतील जो कारागीर मृत रिसीव्हरमधून जिवंत ॲम्प्लिफायर काढतो, तो या साखळीत नोंदणीकृत पुनर्निर्माता म्हणून दाखल होणे व्यवहारात कठीण आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याने जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, तो खरेदीवरील कराची वजावट घेत नसेल तर, केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर कर देण्याची सवलत दिली आहे. जुनी वस्तू ही पुन्हा नव्याने जन्मलेली वस्तू नव्हे, एवढे तरी त्या खात्याने ओळखले. पर्यावरणाच्या नियमांनी तेवढीही दृष्टी दाखवू नये, हे विचित्र आहे.

दुरुस्तीच्या हक्काविषयी केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही सुरू केले. भर होता तो शेती-अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारींवर. या हक्काचा गाभा सुट्या भागांपेक्षा कागदात आहे. १९७० ते १९९० या काळातील चांगल्या ॲम्प्लिफायरच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये संपूर्ण विद्युत्‌रेखन असे. कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट हवेत, हेही छापलेले असे. म्हणूनच ती यंत्रे चाळीस वर्षांनंतरही एखाद्या आयटीआयच्या विद्यार्थ्याला दुरुस्त करता येतात. आजच्या यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत बारा भाषांत सावधगिरीच्या सूचना असतात आणि रेखन एकाही भाषेत नसते. वीस वर्षांनी जुन्या बाजारात आजची यंत्रे येतील तेव्हा त्यांचा तळ तांब्यानेही ठरणार नाही, कारण त्यांत तांबे फारसे नाहीच. आणि रेखन नसल्याने छतापर्यंत पोचण्याचाही मार्ग नाही.

शेजाऱ्याचा हिशेब

आतापर्यंतचा सारा हिशेब घेणाऱ्याच्या खिशाचा झाला. सबवूफरचा एक खर्च मात्र तो स्वतः देतच नाही. भिंत उंच स्वर बऱ्यापैकी अडविते. कंप्रता निम्मी झाली की तिची अडविण्याची क्षमता सुमारे सहा डेसिबलांनी घटते. म्हणून शेजारच्या खोलीत गाण्याचे शब्द पोचत नाहीत, ठोके तेवढे पोचतात. चाळीत आणि सहकारी गृहसंस्थांच्या इमारतींत राहणाऱ्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको. महाराष्ट्रात उत्सवांतील स्पीकरांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. ज्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली स्थापन केलेल्या कंपनीची कीर्ती ध्वनिफितीवरील नको असलेला आवाज कमी करण्याच्या युक्तीने झाली, त्यांचे नाव या अर्थाने अजरामर व्हावे, हा भाषेचा विनोदच म्हणावयाचा. स्वस्त वॅटने ही भिंत आता खोलीत आणून ठेवली आहे.

रोनाल्ड कोझ यांनी १९६० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्लंडमधील १८७९ च्या एका खटल्याची चर्चा केली आहे. एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्यांचा दणदणाट शेजारच्या डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीत पोचू लागला. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोझ यांचे म्हणणे असे की, उपद्रव हा दोघांच्या सान्निध्यातून निर्माण होतो, आणि हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल व बोलणी करणे स्वस्त असेल तर दोघे मिळून सोयीचा मार्ग काढतील. गृहसंस्थेत बोलणी स्वस्त असतात खरी, पण हक्क स्पष्ट नसतो. खोका जमिनीवरून उचलून जाड रबरावर ठेवणे, भोक असलेल्या खोक्याऐवजी बंद खोका करणे, चाळीस कंपनांखालचा भाग रात्री दहानंतर गाळून टाकणे, हे सर्व उपाय ॲम्प्लिफायरच्या किमतीच्या मानाने नगण्य खर्चाचे आहेत. ते करण्याची निकड मात्र शेजाऱ्याला भासते, मालकाला नव्हे.

कायद्याची मदत येथे तोकडी पडते, आणि तिचे कारण तांत्रिक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेने त्या जागेच्या सीमेवर ती ५ डेसिबलांहून अधिक ओलांडू नये असेही त्यांत म्हटले आहे. परंतु ही सर्व मापे 'ए' श्रेणीतील आहेत. ही श्रेणी मंद आवाजाला कान जसा प्रतिसाद देतो त्यावर बेतलेली असून ५० कंपनांच्या स्वरातून ती सुमारे ३० डेसिबल वजा करते. परिणामी ज्या ठोक्याने खिडकीची काच थरथरते आणि आजारी माणसाच्या छातीत धडधडते, तो तपासनिसाच्या मापकावर नियमाच्या मर्यादेत बसू शकतो. 'सी' श्रेणी तोच स्वर जवळजवळ जसाच्या तसा मोजते, आणि आवाज मोजणाऱ्या बहुतेक मापकांवर 'ए' शेजारी 'सी'चे बटण असतेच. केंद्रीय नियमांत सीमेवरील मोजणीसाठी या दुसऱ्या श्रेणीची एक ओळ घालण्यास नवे उपकरण लागणार नाही, आणि घरगुती सबवूफर करणाऱ्याला आपला खोका शेजारच्या घरात किती ऐकू जातो हे त्याच मापकाने स्वतःच तपासून पाहता येईल.